जठरांतील आग आणि रक्तांतील गुठळी

वयाची साठी उलटलेल्या माणसाच्या उशाशीं हल्लीं दोन प्रकारच्या गोळ्या बहुधा शेजारीं शेजारीं आढळतात. एक छातींतील जळजळ शमविणारी, सकाळीं उपाशीपोटीं घ्यावयाची. दुसरी रक्ताची गुठळी होऊं न देणारी. पहिलीला घरांत कोणी फारसें औषध समजत नाहीं. ती दुकानांतून मागून आणावी, पाहुण्यास द्यावी, प्रवासाच्या पिशवींत टाकावी, इतकी ती घरगुती झाली आहे. दुसरीविषयीं मात्र मनांत थोडी धास्ती असते. या दोघी एकाच देहांत उतरल्या असतां त्यांचें आपसांत काय होतें, हा प्रश्न वैद्यकापुढें येऊन जेमतेम अर्धें शतक होत आलें. तेवढ्या काळांत त्याचें उत्तर एकदां नव्हे, दोनतीनदां बदललें.

रक्त पातळ करणें हा शब्दप्रयोग आतां रूढ झाला आहे, परंतु तो यथार्थ नव्हे. या औषधांनीं रक्त पाण्यासारखें होत नाहीं. त्याची गोठण्याची शक्ति तेवढी मंदावते. जखम झाली कीं रक्तानें गोठावें आणि नलिकेंतून वाहत असतां मुळींच गोठूं नये, असा हा नाजूक समतोल आहे. तो औषधानें आपल्याला हवा तसा कलता करतां येईल, ही कल्पना घेऊन कोणी शास्त्रज्ञ शोधास निघाला नव्हता. हा शोध लागला तो गुरांच्या गोठ्यांत.

१९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कॅनडांतील अल्बर्टा आणि अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटा या थंड प्रांतांतील गुरांना एका चमत्कारिक रोगानें ग्रासलें. शिंगें कापावींत किंवा खोंड खच्ची करावा, कीं जखमेंतून वाहणारें रक्त थांबतच नसे, आणि धडधाकट जनावर डोळ्यांदेखत मरे. ओंटारिओच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील फ्रँक स्कोफील्ड यांनीं याचें मूळ चाऱ्यांत शोधून काढलें. स्वीट क्लोव्हर नांवाचें, आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यांतील एक गवत तेथील शेतकरी हिवाळ्यासाठीं सांठवीत. ओलाव्यानें त्याला बुरशी लागली कीं तेंच गवत घातक होई. चांगलें वाळलेलें गवत खाऊन मात्र कांहीं होत नसे. (हे स्कोफील्ड मोठे विलक्षण गृहस्थ. त्यापूर्वीं ते कोरियांत अध्यापन करीत असतां तेथील १९१९ च्या स्वातंत्र्य-चळवळीचीं छायाचित्रें त्यांनीं टिपलीं आणि शेवटीं त्यांचें दफनही सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमींत झालें.) पुढें नॉर्थ डाकोटांतील ली रॉडरिक यांनीं दाखवून दिलें कीं, अशा गुरांच्या रक्तांतील प्रोथ्रॉम्बिन हा गोठविणारा घटक क्षीण झालेला असतो.

परंतु गवतांतील तें विष कोणतें, हें कोणासच उमगलें नव्हतें. १९३३ च्या फेब्रुवारींतील एका शनिवारीं, हिमवादळ चालू असतां, विस्कॉन्सिन राज्यांतील डियर पार्क येथील एड कार्लसन नांवाचा शेतकरी सुमारें १९० मैलांचा प्रवास करून मॅडिसन शहरीं आला. गाडींत एक मेलेली कालवड, दुधाच्या बरणींत न गोठलेलें रक्त, आणि सुमारें शंभर पौंड कुजकें गवत. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. विद्यापीठांतील जीवरसायनाच्या इमारतीचें दार उघडें सांपडलें म्हणून तो आंत शिरला, आणि कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञासमोर त्यानें आपलें गाऱ्हाणें मांडलें. लिंक यांच्याजवळ सांगण्यासारखें थोडेंच होतें: हें गवत घालूं नका, जमल्यास निरोगी जनावराचें रक्त आजारी जनावरास द्या. त्या मंदीच्या काळांत दुसरा चारा विकत आणण्याची ऐपत नसलेल्या माणसाला हा सल्ला म्हणजे जवळजवळ कांहींच नव्हे. शेतकरी रिकाम्या हातानें परतला; त्याची रक्ताची बरणी मात्र मागें राहिली.

ती बरणी लिंक यांच्या प्रयोगशाळेस पुढें सहा वर्षें पुरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ताज्या वाळल्या गवताला जो गोड वास येतो तो कुमारिन नांवाच्या द्रव्याचा. बुरशीच्या संसर्गानें या निरुपद्रवी द्रव्याचें रूपांतर होऊन विष तयार होतें. १९३९ सालीं हॅरॉल्ड कँपबेल या लिंक यांच्या सहकाऱ्यानें त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले; १९४० सालीं त्याची घडण कळली आणि तें प्रयोगशाळेंत बनवितां आलें. त्यास डायकुमेरॉल असें नांव मिळालें. ज्यानें गाय मरते तेंच मोजक्या मात्रेंत माणसाच्या शिरेंतील गुठळी थांबवूं शकेल, हें डॉक्टरांनीं ताबडतोब हेरलें आणि १९४१ पासून रुग्णांवर त्याचे प्रयोग सुरू झाले.

यापुढची हकीकत तर एखाद्या कादंबरींत शोभावी. १९४५ सालीं लिंक स्वतः आजारी पडून कांहीं महिने आरोग्यभवनांत होते. तेथें पडल्या पडल्या उंदरांच्या उपद्रवाचा इतिहास वाचतां वाचतां त्यांच्या मनांत आलें कीं, या वर्गांतील एखादें तीव्र द्रव्य उंदरांवर कां वापरूं नये? सहकाऱ्यांनीं बनविलेल्या द्रव्यांच्या यादींतील बेचाळिसावें त्यांनीं निवडलें. त्याचा परिणाम सावकाश होतो, म्हणून उंदीर साशंक होत नाहीं. १९४८ सालीं तें बाजारांत आलें. संशोधनास पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचें नांव ठेवलें वॉरफरिन. १९५१ सालीं अमेरिकन सैन्यांत नव्यानें भरती झालेल्या एका तरुणानें आत्मघाताच्या हेतूनें हें उंदराचें विष खाल्लें, परंतु जीवनसत्त्व ‘के’ देऊन डॉक्टरांनीं त्याला पूर्ण बरें केलें. विषावर असा हमखास उतारा आहे, हें पाहून वैद्यांस धीर आला. १९५४ सालीं वॉरफरिनला माणसांसाठीं परवानगी मिळाली आणि १९५५ सालीं हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तें देण्यांत आलें. त्यानंतर त्याच्या कुळाविषयीं नाक मुरडण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाहीं.

वॉरफरिनचा स्वभाव असा कीं, त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यामध्यें अंतर फार थोडें. म्हणून त्याच्या रुग्णास वरचेवर रक्ताची परीक्षा करवून घ्यावी लागते. या परीक्षेची मूळ पद्धत आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं बसविली होती. आज तिचा निकाल आय. एन. आर. या आंकड्यानें सांगतात. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. वॉरफरिनवरील बहुतेक रुग्णांचा २ ते ३ च्या दरम्यान ठेवितात. तो त्याच्या फार वर चढला कीं हिरड्या, नाक, जठर, प्रसंगीं मेंदूसुद्धां, यांतून रक्तस्राव होण्याचें भय.

आतां दुसऱ्या गोळीकडे वळूं या. अन्न पचविण्यासाठीं जठर जें आम्ल स्रवतें तें वर अन्ननलिकेंत चढलें कीं छातींत जळजळ होते, आणि खालीं जठराच्या किंवा आंतड्याच्या अस्तरास खाऊं लागलें कीं व्रण होतो. यावर शतकानुशतकें खडू, सोडा, मॅग्नेशिया यांचेंच राज्य होतें. शिकागोचे डॉ. बर्ट्रम सिपी यांनीं १९१५ सालीं तासातासाला दूध आणि साय देण्याचा जो उपचार सांगितला, तो अनेक वर्षें प्रमाण मानला गेला. आम्ल स्रवल्यावर तें मारण्याचे हे सर्व उपाय. आम्ल मुळांतच कमी स्रवावें, असा विचार करून जेम्स ब्लॅक हे १९६४ सालीं इंग्लंडांतील वेल्विन येथें स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या प्रयोगशाळेंत कामास लागले. जठरास आम्ल स्रवण्याचा निरोप हिस्टामिन नांवाचें द्रव्य देतें; तो निरोप अडविणारें औषध त्यांना हवें होतें. पहिलें पोटांतून नीट शोषलें जाईना. दुसऱ्यानें कांहीं रुग्णांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटूं लागल्या. तिसरें सिमेटिडिन, तें १९७६ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनमध्यें विक्रीस आलें आणि ज्या व्रणासाठीं पूर्वीं जठराचा भाग कापून काढीत तो गोळीनें बरा होऊं लागला. ब्लॅक यांना १९८८ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें या आणि हृदयविकारावरील आपल्या आधींच्या कामाबद्दल.

सिमेटिडिन बाजारांत येऊन तीन वर्षें झालीं नाहींत तोंच पहिली ठिणगी पडली. १९७९ सालीं लिव्हरपूलच्या डॉक्टरांनीं ‘लॅन्सेट’ पत्रांत कळविलें कीं, वॉरफरिन घेणाऱ्या माणसास सिमेटिडिन दिलें असतां रक्तांतील वॉरफरिन वाढतें आणि रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो. अमेरिकेंतूनही त्याच वर्षीं तसाच अनुभव प्रसिद्ध झाला. म्हणजे जठरव्रणावर दिलेलें औषध, आधींच रक्तस्रावाच्या काठावर उभ्या असलेल्या रुग्णास आणखी पुढें ढकलीत होतें.

हें घडत होतें पोटांत नव्हे, यकृतांत. शरीरांत शिरलेलें परकें द्रव्य मोडून बाहेर टाकण्यासाठीं यकृतांत एन्झाइमांचें एक मोठें कुटुंब असतें. प्रयोगनळींत कार्बन मोनॉक्साइडच्या संगतींत तें विशिष्ट प्रकाश शोषून घेतें, त्यावरून १९६०-७० च्या दशकाच्या आरंभीं जपानी शास्त्रज्ञ ओमुरा आणि सातो यांनीं त्यास सायटोक्रोम पी-४५० असें नांव दिलें. सिमेटिडिनच्या रेणूंतील एक कडें या एन्झाइमांच्या नेमक्या कामाच्या जागीं जाऊन अडकतें. घाणा अडकला कीं वॉरफरिनचें दळण सांचूं लागतें. मात्र त्यांतही मेख आहे. वॉरफरिन हें एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें असावींत अशा दोन रूपांचें मिश्रण असतें आणि सिमेटिडिन त्यांपैकीं मुख्यतः दुबळ्या रूपाचें विघटन अडवितें. त्यामुळें कित्येकांना विशेष कांहीं होत नाहीं, तर कांहींचा आंकडा एकाएकीं चढतो. आणि कोणाचा चढेल हें आधीं सांगतां येत नाहीं. डॉक्टरांना खरी अडचण याचीच होती. १९८१ सालीं आलेल्या रॅनिटिडिनमध्यें तें कडें बदललेलें होतें आणि त्याच्या जाहिरातींत हा गुण आवर्जून सांगितला जाई. कांहीं वर्षांतच त्यानें सिमेटिडिनला मागें टाकलें. (पुढें त्याचाही काळ फिरला. त्यांत कर्करोगकारक अशुद्ध द्रव्य तयार होतें असें आढळल्यानें २०२० सालीं अमेरिकेंत तें बाजारांतून काढण्यांत आलें.)

येथवर कथा सरळ होती: एक औषध दुसऱ्यास अधिक जहाल करतें. दुसरा अध्याय याच्या अगदीं उलट आहे.

फ्रान्समधील तूलूझ येथें सनोफी कंपनीच्या संशोधकांनीं क्लोपिडोग्रेल हें औषध शोधलें. वॉरफरिन यकृतांत बनणाऱ्या गोठण-घटकांवर काम करतें. क्लोपिडोग्रेल रक्तांतील बिंबिकांना, ज्यांस डॉक्टर प्लेटलेट म्हणतात त्यांना, एकमेकींस चिकटूं देत नाहीं. योगायोग असा कीं, हृदयाच्या आंकुंचित रोहिणींत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची क्रिया माणसावर प्रथम १९८६ सालीं झाली तीही याच तूलूझ शहरीं. स्टेंट ही परकी वस्तु. तिच्यावर गुठळी धरूं नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीनें क्लोपिडोग्रेल देण्याची रीत पडली. १९९७ सालीं अमेरिकेनें त्यास मान्यता दिली आणि दहाएक वर्षांत तें जगांतील सर्वांत खपणाऱ्या औषधांत जाऊन बसलें.

तिकडे स्वीडनमधील मोल्न्डाल येथें हेसले कंपनीनें १९७९ सालीं ओमेप्राझोल बनविलें होतें. हिस्टामिनचा निरोप अडविण्यापेक्षां यानें एक पाऊल पुढें टाकलें. आम्ल बाहेर फेंकणारा जठरपेशींतील पंपच यानें बंद पडतो. १९८८ पासून तें विकलें जाऊं लागलें. ॲस्पिरिननें जठराचें अस्तर दुखावतें आणि क्लोपिडोग्रेलनें तेथील रक्तस्राव थांबत नाहीं, म्हणून या दोहोंच्या सोबतीस ओमेप्राझोल देणें शहाणपणाचें वाटलें, आणि तें होतेंही. हाँगकाँगमधील ३२० रुग्णांवरील २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणीनें तर कमालच दाखविली. ज्यांचा व्रणाचा रक्तस्राव बरा झाला होता अशांपैकीं नुसतें क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या शेंकडा ८.६ जणांचा व्रण वर्षभरांत पुन्हां वाहूं लागला. ॲस्पिरिनबरोबर ओमेप्राझोलचें भावंड एसोमेप्राझोल घेणाऱ्यांत हें प्रमाण अवघें शेंकडा ०.७ होतें.

पण क्लोपिडोग्रेलची गोळी पोटांत जातांना निष्क्रिय असते. तिचा बहुतांश भाग शरीर वायां घालवितें. उरलेल्या थोड्या भागाला यकृतांतील त्याच पी-४५० कुटुंबांतील २-सी-१९ या नांवाचें एन्झाइम मुख्यतः कार्यक्षम करतें. आणि ओमेप्राझोल मोडतें तेंही मुख्यतः याच एन्झाइमनें. एका घाण्यावर दोन गिऱ्हाइकें. ब्रेस्त येथील मार्टिन जिलार यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टेंट बसविलेल्या १२४ रुग्णांपैकीं कांहींना ओमेप्राझोल आणि कांहींना लुटुपुटूची गोळी सात दिवस देऊन बिंबिकांची क्रियाशीलता मोजली. ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ती ५१.४ तर इतरांत ३९.८ भरली. हा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. गुठळीरोधक औषध येथें जहाल नव्हे, बोथट होत होतें.

२००९ सालीं एकच गिल्ला उडाला. जानेवारींत कॅनडांतील ओंटारिओच्या १३,६३६ वृद्ध रुग्णांचा अभ्यास आला: आम्लरोधक गोळी चालू असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका पुन्हां येण्याची शक्यता सुमारें सव्वापट, मात्र पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत ही वाढ नाहीं. मार्चमध्यें अमेरिकेच्या ८,२०५ माजी सैनिकांची पाहणी आली: दोन्ही औषधें घेणाऱ्यांत मृत्यु अथवा पुनः रुग्णालयप्रवेश शेंकडा २९.८, नुसतें क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत २०.८, इतर भेदांचा हिशेब वजा घालूनही फरक उरलाच. नोव्हेंबरांत अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलबरोबर टाळावें अशी सूचना काढली. दोन गोळ्या वेगळ्या वेळीं घेतल्यानेंही सुटका नाहीं, असेंही त्यांत बजावलें होतें. जगभर लोकांनीं घाबरून जळजळीच्या गोळ्या बंद केल्या असतील तर त्यांत नवल काय?

तथापि शंका घेणारेही होते, आणि त्यांच्या शंका रास्त होत्या. आम्लरोधक गोळी कोणाला देतात? जो अधिक वृद्ध, अधिक आजारी, अधिक औषधें घेणारा, त्यालाच. मग त्याचें हृदय अधिक वेळां बिघडलें तर दोष गोळीचा कीं रोग्याच्या मूळ अवस्थेचा? छत्री घेऊन निघालेले लोक अधिक भिजतात म्हणून छत्रीनें पाऊस पडतो असें कोणी म्हणत नाहीं. याचा निवाडा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यावांचून होणार नव्हता. अशी चाचणी योगायोगानें आधींच सुरू होती. तिचें नांव कोजेंट. सुमारें पांच हजार रुग्णांचा संकल्प असतां तिच्या पाठीराख्या कंपनीचा पैसा आटला आणि चाचणी अर्ध्यांतच थांबली. तरी ३,७६१ रुग्णांची माहिती हातीं आली आणि दीपक भट्ट व सहकाऱ्यांनीं ती २०१० सालीं प्रसिद्ध केली. सहा महिन्यांत जठर-आंतड्याचे गंभीर प्रसंग ओमेप्राझोल घेणाऱ्यांत शेंकडा १.१, न घेणाऱ्यांत २.९. हृदयाचे प्रसंग अनुक्रमें ४.९ आणि ५.७, म्हणजे अपाय दिसलाच नाहीं.

पाहणीनें गुन्हेगार ठरविलेल्या औषधास चाचणीनें असें बरेंचसें दोषमुक्त केलें. बरेंचसेंच, पूर्ण नव्हे. चाचणी अपुरी राहिली होती, आणि तींतील गोळी दोन्ही औषधें एकत्र बांधलेली, खास घडणीची होती. म्हणून औषध-नियंत्रकांनीं आपली सूचना मागें घेतली नाहीं. युरोपीय यंत्रणेनें मात्र सरसकट सर्व आम्लपंपरोधकांविषयींचा आपला इशारा २०१० च्या मार्चमध्यें ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल या दोहोंपुरताच ठेवला. हीच स्थिति आज बहुतेक ठिकाणीं मानली जाते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यास आम्लरोधक हवें असेल तर डॉक्टर बहुधा २-सी-१९ शीं फारसें न झगडणारें पॅन्टोप्राझोल देतात. आणि ज्याला पूर्वीं व्रण झाला आहे, जो वृद्ध आहे, किंवा जो दोन गुठळीरोधक औषधें एकदम घेतो, त्याला आम्लरोधक न देणें हाच मोठा धोका समजला जातो. वॉरफरिनच्या बाबतींत सिमेटिडिन टाळतात. इतर कोणतेंही आम्लरोधक सुरू किंवा बंद केलें तर आय. एन. आर. लवकर तपासून घेतात. बंद करण्याचाही उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण अडलेला घाणा मोकळा झाला कीं वॉरफरिन भराभर दळलें जातें आणि रुग्ण नकळत उघडा पडतो. काळा, डांबरासारखा शौच झाला, किंवा छातींतील जळजळ चालतांना वाढूं लागली, तर दोन्ही वेळीं गोळ्यांचा विचार बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा लागतो. पहिल्यांत रक्तस्राव असूं शकतो, दुसऱ्यांत हृदयविकार.

या घाण्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. २-सी-१९ हें एन्झाइम सर्वांना सारखें लाभलेलें नसतें. कांहींना तें जन्मतः निकामी असतें. ही गोष्ट १९८० च्या आसपास मेफेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या अभ्यासांत उघडकीस आली आणि त्यामागील जनुकदोष १९९४ सालीं कळला. अशा व्यक्ति युरोपीय वंशांत शेंकडा दोनचारच, परंतु पूर्व आशियांत त्यांचें प्रमाण बरेंच अधिक आहे, आणि दक्षिण आशियांतही दोषयुक्त जनुक पुष्कळांत सांपडतें. त्यांना क्लोपिडोग्रेल ओमेप्राझोलवांचूनही पुरतें लागू पडत नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंत त्याच्या वेष्टणावर चौकटींतील इशारा छापला गेला तो याच लोकांसाठीं.

पुढें जीं नवीं गुठळीरोधक औषधें आलीं त्यांपैकीं कित्येकांना हा घाणा लागतच नाहीं. परंतु त्यांतील एकाची गंमत सांगण्याजोगी आहे. डॅबिगॅट्रान हें औषध शोषलें जाण्यासाठीं भोंवतीं आम्ल लागतें. म्हणून त्याच्या कॅप्सूलमध्येंच टार्टारिक आम्लाचे बारीक कण घालतात. आपल्या चिंचेची आंबट चव याच आम्लाची. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या १८,११३ रुग्णांच्या चाचणींत तें वॉरफरिनच्या तोडीस उतरलें, परंतु पोटांत जळजळ व अपचन वॉरफरिन घेणाऱ्या शेंकडा ५.८ जणांना, तर डॅबिगॅट्रान घेणाऱ्या शेंकडा अकराहून अधिक जणांना झालें. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनीं पुन्हां आम्लरोधक गोळीच लिहून दिली. तिच्यामुळें डॅबिगॅट्रान थोडें कमी शोषलें जातें, पण चाचणींत गुण कमी आल्याचें दिसलें नाहीं.